जिजाऊंचा पोशाख शिवला मी, उभी दुसरीच राहिली

ताई, नमस्कार. मी बेळगावच्या वडगावात राहते. वय ३४, दोन मुलं. सासऱ्यांचे दोन पॉवरलूम होते, आता एकच चालतो. मिस्टर उद्यमबागेत फौंड्रीला जातात. मला पोशाख शिवायचा नाद आहे. शाळेच्या गॅदरिंगला, नवरात्रात दुर्गामाता दौडीला, आणि मुख्य म्हणजे शिवजयंतीच्या चित्ररथाला. रीतसर शिकले नाही. शेजारच्या कन्नड अक्कांनी कशिदा शिकवला, बाकीचं बघून बघून आलं. यंदा गल्लीच्या देखाव्यात जिजाऊंचा पोशाख मी केला. इरकल, खणाची चोळी, शेला, सगळं. उभी मीच राहणार असं ठरलेलं. आठवडा राहिला असताना मंडळाची पोरं आली आणि म्हणाली, ‘वहिनी, पोशाख तुमचाच, पण उभी अध्यक्षांच्या पुतणीला करूया की. ती गोरी आहे, फोकसात उठून दिसते.’ मी हो म्हटलं. मिरवणुकीत रात्रभर टाचण्या आणि सुई-दोरा घेऊन ट्रॉलीच्या मागून चालले.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या गालांवर वांग आलंय. मिरवणुकीनंतर एका पार्लरमधून क्रीम आणून लावायला लागले. पहिले पंधरा दिवस चेहरा असा उजळला की सगळ्या विचारायल्या. आता उन्हात गेलं की जळजळ, गाल लाल, हनुवटीवर पुरळ आणि बारीक लव. एक दिवस नाही लावली तर जास्तच आग. सासूबाई म्हणतात, ‘तोंडाला रंग फासायचा नाहीतर चिंध्या गोळा करायच्या, दुसरं काय येतंय तुला?’ मिस्टर म्हणतात, दोन्हीला पैसा पुरायचा नाही, एक काहीतरी ठेव. काय ठेवू? पोशाखांचं कपाट उघडायचंही मन होत नाही. आणि एक विचारायचं राहिलं. पुढच्या वर्षी मंडळ ताराराणी करणार आहे. चिलखत घरी करता येतं का?

– वडगावची एक वाचक

आधी ती क्रीम. मंडळ, सासूबाई, मिस्टर, चिलखत, सगळ्यांकडे येते, पण गालांचं काम थांबण्यासारखं नाही.

झपाट्याने उजळणं, मग उन्हात जळजळ, लाली, पुरळ, लव, आणि एक दिवस चुकला की दुप्पट त्रास. त्वचेच्या डॉक्टरांना हे चित्र पाठ आहे. अशा क्रीममध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. ट्यूबवर बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसतंय का बघ. जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही असू शकतात. हायड्रोक्विनोन त्वचेतला रंग तयार होणं कमी करतं, ट्रेटिनॉइनमुळे वरचा थर भराभर निघून नवा येतो, आणि या सगळ्यात जी आग व्हायची ती स्टेरॉइड दाबून ठेवतं. म्हणून पहिले पंधरा दिवस सोन्याचे. पुढे त्याच स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, आतल्या बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, आणि डबी बंद केली की दाबलेलं सगळं उसळून वर येतं. तू म्हणतेस ‘नाही लावली तर जास्तच’, ते हेच.

हे मिश्रण मुळात औषध आहे. वांगावर डॉक्टर ते देतातही, पण मोजक्या आठवड्यांसाठी, रात्री लावायला, आणि मधूनमधून तपासून. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडच्या अनेक मलमांना शेड्यूल एचमध्ये घातलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. पार्लरच्या फळीवर त्यांचं काही काम नाही. डबीवर काहीच लिहिलेलं नसेल, नुसता एका बाईचा फोटो आणि वर ‘सात दिवसांत’, तर मला जास्त काळजी वाटेल. गोरं करणाऱ्या काही बेनावी क्रीममध्ये पारा निघालेला आहे. तो त्वचेतून आत जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. तुझा गाल मुलांच्या गालाला लागतो, हेही लक्षात घे.

डबी फेकू नकोस. ती पिशवीत घालून त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि टेबलावर ठेव. लाजायचं काही कारण नाही, अशा डब्या त्यांच्याकडे रोज येतात. खासगी दवाखाना परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या बिम्समध्ये, त्वचेच्या ओपीडीला जा. क्रीम एकदम बंद करायची की टप्प्याटप्प्याने, हे त्यांना ठरवू दे, मैत्रिणीला विचारून ठरवू नकोस. मात्र याच आठवड्यात जा. बरं व्हायला महिने लागतात, मधेच चेहरा पहिल्यापेक्षा वाईटही दिसेल, तेव्हा घाबरून पुन्हा डबीकडे वळायचं नाही.

तोवर फेशियल नको, ब्लीच नको, वॅक्स तर अजिबात नको. पातळ झालेली त्वचा वॅक्सच्या पट्टीबरोबर सोलून येते. ओठांवरचं थ्रेडिंगही राहू दे. लिंबू चोळू नकोस, पुरळांवर टूथपेस्ट लावू नकोस, आणि हरभऱ्याच्या पिठाने घासू नकोस. नरकचतुर्दशीचं उटणं यंदा हातापायांना. साध्या पाण्याने तोंड धू, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर किंवा पातळसं पेट्रोलियम जेली लाव, बाहेर पडताना स्कार्फ आणि छत्री घे. मे महिन्यात वडगावातल्या निम्म्या बायका छत्री घेऊनच बाजाराला जातात, तुझ्याकडे कुणी वळून बघणार नाही.

आता वांगाबद्दल थोडं. गरोदरपणात संप्रेरकं बदलतात तेव्हा अनेकींना ते येतं, आणि ऊन त्याला जागं ठेवतं. धगही ठेवते. तू शिलाई मशीन कुठे ठेवलीस ते लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे: खिडकीला तोंड करून. सगळ्याजणी तिथेच ठेवतात, उजेडासाठी. खिडकीच्या काचेतून अतिनील किरणांपैकी यूव्हीए बराचसा आत येतो, आणि वांग काळं करायला तेवढा पुरतो. मशीन फिरवून घे, उजेड डाव्या खांद्यावरून कापडावर पडू दे, तोंडावर नको. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर ३० किंवा त्याहून जास्त एसपीएफचं सनस्क्रीन घे. रंग असलेलं, म्हणजे ज्यात आयर्न ऑक्साइड असतं ते, वांगासाठी जास्त उपयोगी, कारण नुसते अतिनील किरणच नव्हेत, दिसणारा प्रकाशही वांग गडद करतो आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. चेहरा-मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं लागतं, हरभऱ्याएवढं लावून भागत नाही. बाहेर असशील तर दर दोन तासांनी पुन्हा. चेहऱ्यासाठी एवढंच: धुणं, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. यापलीकडे दुकानात जे काही मांडलेलं असतं ते हौसेचं. हौस असावी, पण ती गरज म्हणून तुझ्या गळ्यात घातली गेली आहे.

आणि ती घातली मंडळाच्या पोरांनी.

मला सगळ्यात जास्त गंमत कशाची वाटली सांगू? त्यांचं म्हणणं लायटिंगच्या हिशेबानेही खोटं आहे. आपल्याकडे वैशाख शुद्ध द्वितीयेला तिथीने शिवजयंती, आणि मग चित्ररथांची मिरवणूक. संध्याकाळी नरगुंदकर भावे चौकातून निघायचं आणि पुढे सरकत सरकत कधी उजाडलं ते कळायचं नाही. त्या ट्रॉलीवर काय असतं? जनरेटर, दोन-चार पांढरे एलईडी, आणि मंडळाला प्राणाहून प्रिय असे लाल-हिरवे फोकस. हिरव्या उजेडात लाल ओठ काळपट दिसतात. लाल उजेडात लिपस्टिक आणि गालावरची लाली दोन्ही गायब. प्रखर पांढऱ्या उजेडात गोऱ्या चेहऱ्याचे नाकडोळे पुसट होतात, म्हणून तर रंगभूषाकार भुवया कोरतो आणि नाकाच्या बाजूंना सावली देतो. स्वतःच्या रंगाहून फिकट फाउंडेशन थापलं की मोबाइलच्या फ्लॅशमध्ये चेहरा राखेचा दिसतो आणि गळा वेगळा. खालून बघणाऱ्याला दिसतं ते अंगाचं ठेवणं, मान, डोळे आणि कापड. सावळी जिजाऊ त्या उजेडात कुठेही कमी पडली नसती.

शिवाय वय. जिजाऊंचा जन्म १५९८चा मानतात, शिवराय जन्मले १६३०ला. शिवनेरीवर त्या बत्तिशीच्या होत्या. दोन मुलांची, ३४ वर्षांची, कमरेला कष्टाची सवय असलेली बाई जिजाऊ म्हणून उभी राहिली तर ती पोशाखात मावते. विशीतल्या मुलीला आपण पोशाखात उभं करतो आणि मग तिला सांगावं लागतं, ‘गंभीर दिस, हसू नको.’

तू हो म्हणालीस. दारात चार पोरं, मागे सासूबाई, आठ दिवस हातात, अशा वेळी बहुतेक बाया हो म्हणतात. पण त्या रात्रीकडे शिवणाऱ्या बाईच्या नजरेने एकदा बघ. टाचण्या घेऊन तुला ट्रॉलीमागे का चालावं लागलं? चोळी तुझ्या मापाची होती म्हणून. खांदा उतरत असणार, बगलेत सैल पडत असणार. मंडळाने तुझ्याकडून पोशाख घेतला, जागा घेतली, आणि वर रात्रभराची हमालीही घेतली. डीजेवाल्याने पैसे घेतले असतील, लायटिंगवाल्याने घेतले असतील, ट्रॅक्टरवाल्याने डिझेलसकट घेतले असतील. फुकट राबली ती एकटी तू, आणि घरी येऊन डबी उघडून बसलीस.

म्हणून मिस्टरांचा प्रश्न मी दुसऱ्या रीतीने मांडते. चेहरा आणि पोशाख हे दोन खर्च त्यांनी एका तागडीत घातले, तिथेच हिशेब चुकला. चेहऱ्याचा खर्च वर सांगितला तेवढाच, म्हणजे आताच्या क्रीम-फेशियलपेक्षा कमी. पोशाखाचा खर्च मात्र तू आजवर कधी लिहूनच ठेवला नसशील. एक वही घे. कापड, अस्तर, कॅनव्हास, जरी, हूक, पिको, रिक्षा, सगळं लिही. आणि त्याच्या समोरच्या पानावर तास. रात्री मुलं झोपल्यावरचे तासही. ते पान मिस्टरांना दाखव. फौंड्रीत कामाचा तास म्हणजे काय ते त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

मंडळाशी बोलणं दिवाळी झाली की कर, गुढीपाडव्यापर्यंत थांबू नकोस. लवकर बोललीस की त्यांना दुसरं कुणी शोधायची सोय उरते आणि तुलाही दबकून बोलावं लागत नाही. कापड मंडळाने आणायचं किंवा आगाऊ पैसे द्यायचे. शिलाईचं बिल तू द्यायचं. तुला वर्गणी म्हणून त्यातलं काही सोडायचं असेल तर जरूर सोड, पण बिल पूर्ण लिहून मग खाली ‘वर्गणी’ असं वजा कर आणि पावती घे. आणि उभी कोण राहणार ते कापड फाडायच्या आधी ठरवून घे, चार माणसांसमोर. त्यांना दुसरीच मुलगी हवी असेल तर तिला माप द्यायला पाठवा म्हणावं, शिलाई ठरल्याप्रमाणे. तू पैसे घेऊन दुसरीचा पोशाख शिवलास तर त्यात मला काही कमीपणा दिसत नाही. फुकट शिवून जागाही सोडायची, हे मात्र पुन्हा नको.

कपाटात जे पडलंय त्याचंही काही करता येईल. डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगचा हंगाम असतो, आया शाळेच्या वहीत आलेली नोट वाचून आदल्या रात्री कपडे शोधत फिरतात. लहान मापाचे चार-पाच पोशाख भाड्याने द्यायला तयार ठेव: मावळा, जिजाऊ, वारकरी, आणि कित्तूर चन्नम्मा तर ठेवच. ऑक्टोबरात कित्तूर उत्सव असतो, आणि राणी चन्नम्मांची इंग्रजांशी झालेली १८२४ची लढाई इथल्या दोन्ही भाषांच्या शाळांत शिकवतात. आपल्या भागात फलक कुठल्या भाषेत असावा यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चाललाय, पण जिजाऊंची चोळी आणि चन्नम्मांची चोळी एकाच खणातून निघते, आणि तुला कशिदा शिकवला तोही कन्नड अक्कांनीच. अक्कांना भागीदार करून घे. कशिद्याला त्यांचा हात, कापणं-शिवणं तुझं. भाड्याच्या पोशाखाला अनामत रक्कम मात्र घ्यायची, नाहीतर चॉकलेटच्या डागांसकट परत येतो.

सासूबाई. त्यांचं वाक्य लागलं असणार, मलाही वाचताना लागलं. पण लूमवाल्या घरात ‘चिंध्या’ हा शब्द नुसता टोमणा नसतो गं. दोनातला एक लूम बंद पडलेला बघितलेली बाई आहे ती, वाया जाणारा धागा तिच्या डोळ्यांत खुपतो. एक करून बघ. पुढचं इरकल घ्यायला जाताना त्यांना बरोबर ने. गोमी काठ कुठला, परासपेट कुठला, पदराचं रेशीम खरं की नकली, टोप, म्हणजे पदराचा जोड, नीट जुळलाय का, हे त्या बोटांनी सांगतील. त्यांच्या सल्ल्याने घेतलेल्या साडीला त्या चिंधी म्हणणार नाहीत. म्हणाल्याच, तर म्हणू देत, शिवणं त्यासाठी थांबवू नकोस.

चित्ररथाच्या रात्रीचा मेकअप हा वेगळाच विषय आहे, आणि पुढच्या वर्षी उभी राहणार असशील तर तुला त्याची जास्त गरज आहे, कारण तुझी त्वचा तेव्हाही नाजूकच असेल. मंडळांत एक वाईट सवय आहे: चंदेरी-सोनेरी दिसायला रंगाच्या दुकानातला ॲल्युमिनियम पेंट किंवा सोनेरी पावडर अंगाला फासायची. तो लोखंडी गेटचा रंग आहे, माणसाचा नाही. त्वचेसाठी बनवलेला वॉटर-बेस रंग मिळतो, तोच घ्यायचा, आणि आधी दोन दिवस कोपराच्या आत लावून बघायचा. जुने रंगभूषाकार हिंगूळ वापरत, आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड, त्यामुळे ‘आमच्या वेळी सगळं नैसर्गिक होतं’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवून पुढे जा. टिकलीच्या मागच्या गोंदात एक रसायन असतं, त्याने काहींच्या कपाळाला पांढरा डाग पडतो आणि तो सहजी जात नाही. रात्रभरासाठी चांगलं कुंकू बरं. नकली ठुशी, वज्रटीक, बुगडी यांच्या धातूत निकेल असतं, घाम आला की गळ्याला खाज आणि लाल पट्टा. ठुशीच्या मागे मऊ सुती कापडाची पट्टी शिवून टाक, दिसतही नाही आणि टोचतही नाही. हातांना मेंदी काढणार असशील तर हिरवी, दोन दिवस आधी. मेंदीचा रंग मुळात केशरी-तपकिरी, चढायला एक-दोन दिवस लागतात. तासाभरात काळीभोर होणाऱ्या कोनात केस रंगवायचं पीपीडी घातलेलं असतं, आणि त्याने अंगावर फोड येतात. तुझ्यासारख्या सध्या चिडलेल्या त्वचेला त्याच्या जवळही जाऊ देऊ नकोस.

मिरवणूक संपली की मेकअप घासून काढायचा नाही. खोबरेल हाताने पसरायचं, दोन मिनिटं थांबायचं, मऊ कापडाने टिपायचं, मग सौम्य फेसवॉश. पहाटे चार वाजता याचा कंटाळा येतो, म्हणून तेलाची बाटली आणि कापड ट्रॉलीवरच्या पिशवीतच ठेव.

आता ताराराणी आणि चिलखत. तुझं पत्र तिथे आल्यावर अक्षर बदललंय, बाई. वर सगळं रडत रडत लिहिलंस आणि शेवटची ओळ सरळ बसून. कपाट उघडायचं मन होत नाही म्हणतेस, आणि चिलखत विचारतेस!

होय, घरी होतं, आणि तुझ्या घरी तर फारच स्वस्तात होईल. नाटकवाल्यांची जुनी युक्ती आहे: कड्या विणत बसायच्या नाहीत, दोऱ्याने विणायच्या. जाड सुती दोरी घ्यायची, किंवा लूमवरचे उरलेले सुताचे पेड चार-सहा एकत्र पीळ देऊन जाड करायचे. सुतळी नको, रात्रभर अंगाला कुसळासारखी टोचते. स्वेटरच्या सगळ्यात जाड सुया घ्यायच्या आणि सैल हाताने नुसती साधी वीण घालायची, दोन्ही बाजूंनी सुलट. वीण जेवढी सैल, तेवढ्या कड्या उठून दिसतात. पुढचा-मागचा असे दोन सरळ तुकडे, वर आखूड बाह्या. हे कापड स्वतःच्या वजनाने खाली ओघळतं, म्हणून लांबी हवी त्यापेक्षा चार-पाच इंच कमीच विण, टांगून ठेवलं की आपोआप उतरतं. मग सगळं काळ्या रंगात बुडवून वाळवायचं. पूर्ण वाळल्यावर कापडावरचा चंदेरी ॲक्रिलिक रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त वरवर फिरवायचा, उंचवट्यांना लागेल आणि खोबणीत काळं राहील असा. इथे हात आवर. सगळं चंदेरी केलंस की स्वेटर रंगवल्यासारखं दिसतं. आतून मांजरपाटाचं अस्तर घाल, म्हणजे रंग अंगाला लागत नाही.

कमरेला रुंद पट्टा आवळायचा आणि चिलखत पट्ट्यावर थोडं ओढून घ्यायचं, मग वजन खांद्यांवरून कमरेवर येतं. छातीवरच्या पट्ट्या आणि हातावरचं दस्तान फोम शीटचं कर, पुठ्ठ्याचं नको. वैशाखात वळीव कधी कोसळेल त्याचा नेम नाही, आणि पुठ्ठ्याचं दस्तान भिजलं की ताराराणींच्या हातावर पापड. फोम चिकटवायला ग्लू गन भरवशाची नाही, दुपारच्या उन्हात ट्रॉली उभी राहिली की तो गोंद मऊ होतो. चप्पलवाले वापरतात तो रबराचा गोंद घे, दोन्ही बाजूंना पातळ लावून हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांब, मग एकदाच दाब. हे काम गच्चीवर, वाऱ्यात, मुलांना खाली ठेवून आणि जवळ आग नसताना. त्याचा वास डोक्यात जातो.

आतलं नऊवारी शिवलेलंच कर. नेसलेलं दिसतं जास्त देखणं, मान्य, पण मंडळाच्या पोरांच्या डोक्यात कधीच येत नाही अशी एक गोष्ट आहे: संध्याकाळी सहापासून ट्रॉलीवर उभ्या बाईला रात्रीत बाथरूमला जावं लागतं. तेवढ्यासाठी पाणीच न पिता उभ्या राहतात मुली, आणि मग चक्कर येऊन पडतात. कासोटा मागे पट्टीवर हुकांनी बसव, एका हाताने सुटेल असा. वरचं चिलखतही बाजूने नाडीने बांधायचं ठेव, डोक्यातून काढायचं नको. आणि मिरवणुकीच्या वाटेवर कुणाचं घर उघडं राहणार आहे ते आधीच विचारून ठेव.

खणाची चोळी कापायच्या आधी मांजरपाटाची एक कच्ची चोळी शिवून अंगावर बसवून बघ. खणाचा पन्हा लहान, चुकलं की दुसरा तुकडा जोडावा लागतो आणि जोड फोकसात दिसतो. शिवणीला खणाचे धागे निसटतात, तेव्हा कडा आधी ओव्हरलॉक कर, अस्तर लावूनच शिव. सॅटिनचा मोह टाळ, पांढऱ्या उजेडात ते प्लॅस्टिकसारखं चमकतं. इरकलचा गडद लाल, हिरवा, जांभळा रात्री खुलतो, फक्त नवी साडी आधी एकदा गार पाण्यातून वेगळी काढून घे, घामाने रंग उतरला तर अस्तर आणि अंग दोन्ही रंगतं.

१७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा ताराराणी पंचविशीत होत्या, आणि १७०७ला औरंगजेब मेला तोवर त्यांनी राज्य लढतं ठेवलं. म्हणजे देखाव्यात कुठला प्रसंग घेतला त्यावर वय पंचवीस ते बत्तीस. पोरं वयावरून काही बोलली तर तुझ्याकडे उत्तर असू दे.

आणि मार्जिन. एरवी मी चोळीला बगलेत दीड इंच सोडायला सांगते, म्हणजे पुढे कुणालाही सैल करून देता येते. या चोळीला अर्धाच इंच सोड.